विमान बांधणे (टाय-डाउन)

उघड्यावर उभे केलेले हलके विमान वाऱ्याने उचलले, उलटले किंवा फरपटत नेले जाऊ नये म्हणून ते दोर व मेखांनी जमिनीशी जखडण्याची आणि त्याच्या पंखांची उचल निकामी करण्याची पद्धत. मैदानावरची मंडळी तिला ‘टाय-डाउन’ म्हणतात. मराठीत नुसते ‘विमान बांधणे’ म्हटले तरी अर्थ पोचतो. प्रस्तुत नोंद मायक्रोलाइट वा अल्ट्रालाइट गटातील विमानांपुरती मर्यादित असून पुणे परिसरातील वारा आणि जमीन तीत विशेष विचारात घेतली आहे.

या गटाची व्याख्या देशोदेशी निराळी आहे. अमेरिकेत १९८२ पासून लागू असलेल्या नियमानुसार इंजिन असलेल्या एकआसनी अल्ट्रालाइटचे रिकामे वजन सु. ११५ किग्रॅ.हून कमी असावे लागते आणि त्याचा स्टॉल वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाही तो वेग, २४ नॉटपेक्षा (ताशी सु. ४४ किमी.) अधिक चालत नाही. युरोपात कमाल वजन ४५० किग्रॅ. व स्टॉल वेग ताशी ६५ किमी. ही मर्यादा बराच काळ रूढ होती. बांधणीच्या दृष्टीने वजनापेक्षा वेगाचा आकडा महत्त्वाचा. पंखावरून जाणारी हवा विमान धावल्यामुळे आली की वारा सुटल्यामुळे, याचे पंखाला सोयरसुतक नसते. ताशी ४४ किमी.ला तरंगणारे विमान तेवढ्याच वाऱ्यात उभ्या जागी तरंगू पाहते, आणि असा वारा पुण्यात दर उन्हाळ्यात सुटतो.

वाऱ्याचा दाब हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने येथील हवा किंचित विरळ, घनमीटरला सु. १.१ किग्रॅ. भरते. सेकंदाला २० मी. (ताशी ७२ किमी.) वाऱ्याचा दाब त्यानुसार प्रत्येक चौरस मीटरवर सु. २२ किग्रॅ. वजनाइतका येतो. झेनएअर सीएच-७०१ या परिचित दोनआसनी विमानाचे पंखक्षेत्र ११ चौ. मी.हून थोडे अधिक आणि रिकामे वजन सु. २६० किग्रॅ. आहे. उचल-गुणांक, म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरला वाऱ्याच्या दाबाच्या किती पट उचल मिळते तो आकडा, १ धरला, तरी ताशी ७२ किमी. वाऱ्यात पंखांची उचल अडीचशे किलोच्या घरात जाते. म्हणजे चाकांवर जवळजवळ काहीच भार उरत नाही. या विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कायमच्या पट्ट्या (स्लॅट) असल्यामुळे गुणांक १ च्या बराच वर जाऊ शकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. हे गणित माहीत असणारा माणूसही संध्याकाळी घरी जाण्याच्या घाईत एकाच दोरावर भागवतो, हा भाग वेगळा.

उभे विमान वाऱ्याने मोडल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंजिनाच्या पहिल्या यशस्वी विमानाचेच आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे राइट बंधूंचे चौथे उड्डाण (५९ सेकंद, सु. २६० मी.) झाल्यावर विमान वाळूवर उभे असताना जोराच्या झोताने ते उचलून कोलांटले. धरायला धावलेले जॉन डॅनियल्स त्याच्या तारांत अडकून त्याच्याबरोबर फरपटले. ते विमान पुन्हा कधी उडाले नाही.

संज्ञेचा उगम : ब्रिटिश परंपरेत या क्रियेला ‘पिकेटिंग’ म्हणत आणि तो शब्द जुन्या विमानांच्या पुस्तिकांत आजही भेटतो. टायगर मॉथ या दुपंखी विमानाच्या खालच्या पंखांखाली दोर ओवण्यासाठी ज्या कड्या असतात, त्या ‘पिकेटिंग कड्या’. (हे विमान भारतातील फ्लाइंग क्लबांमध्येही दीर्घकाळ वापरात होते.) मूळ फ्रेंच ‘पिके’चा अर्थ टोकदार खुंट, मेख. सैन्यात हा शब्द घोडे बांधण्याच्या मेखेसाठी विमानाच्या कितीतरी आधीपासून रूढ होता. यावरून एक मत असे की, विमान बांधण्याची रीत घोडदळाच्या तळावरून आली. ब्रिटनचे रॉयल फ्लाइंग कोअर हे हवाई दल १९१२ मध्ये लष्कराची शाखा म्हणूनच स्थापन झाले आणि तिचे पहिले अधिकारी लष्कराच्या इतर दलांतून आले, ही बाब या मताला पोषक आहे. दुसरे मत जहाज आणि बलूनकडे बोट दाखवते. नांगरण्यासाठी इंग्रजीत असलेला ‘मूरिंग’ हा शब्द अमेरिकी लष्करी वापरात विमानांनाही लागतो. शिवाय गाठी, दोर आणि ताण देण्याच्या युक्त्या बहुतांशी दर्यावर्दीच आहेत. पहिल्या महायुद्धात काटेरी तारांसाठी वापरात आलेल्या पिळाच्या मेखा पुढे विमानांसाठीही वापरल्या गेल्या, हा तिसरा धागा. या मतांत खरा विरोध असण्याचे कारण दिसत नाही. शब्द पागेतून आणि गाठ गलबतावरून आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मराठी वाचकाला पागेची उपमा सहज उमजेल. घोडा अगाडी-पिछाडीने बांधतात : पुढचे दोर तोंडाकडून दोन बाजूंच्या मेखांना आणि मागचे पायांपासून मागच्या मेखेला. विमानही तसेच, पंखांचे दोन दोर आणि शेपटीचा एक. फरक असा की, घोडा आडवा ओढतो, विमान वर ओढते. मेखांच्या निवडीत याच फरकाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

पुण्याचा वारा : भारतीय हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरचा तो भाग अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखला जातो. वाऱ्याच्या नोंदींची शहराला अशी जुनी सोबत आहे. जून ते सप्टेंबर वारा मुख्यत: पश्चिमेकडून, सातत्याने वाहतो, लोहगावच्या धावपट्टीची १०–२८ ही दिशाही पूर्व–पश्चिमच आहे. विमानाचे तोंड पश्चिमेला करून ठेवले की मोसमी वाऱ्याचा बराचसा बंदोबस्त होतो. त्रास देतात ते मार्च ते मे हे महिने. वळवाच्या ढगातून खाली कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि तिची दिशा त्या दिवशीच्या वाऱ्यावर नव्हे, तर ढग कोठे आहे यावर ठरते. सकाळी वाऱ्याकडे तोंड करून बांधलेले विमान संध्याकाळी शेपटीवर मार खाते ते यामुळे. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येत वेग एकाएकी सेकंदाला निदान ८ मी.ने वाढून ११ मी. वा अधिक झाला आणि किमान एक मिनिट टिकला, की त्याला चंडवात (स्क्वॉल) म्हणतात. आभाळ निरभ्र असताना तापलेल्या माळावरून फिरणारी वावटळ हा निराळा धोका. ती ढगाची वाट पाहत नाही.

इमारतींसाठीच्या आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मी. (ताशी सु. १४० किमी.) धरला आहे, मुंबईचा ४४ मी. हा जमिनीपासून १० मी. उंचीवरचा, पन्नास वर्षांच्या परतकाळाचा (सरासरी पन्नास वर्षांतून एकदा येणारा) तीन सेकंदांचा झोत होय. उभ्या विमानाचा पंख दोन-अडीच मीटरवर असल्याने त्याला एवढा वारा लागत नाही. तरीही या मर्यादेजवळचा वारा अपेक्षित असेल, तर दोरांवर विसंबू नये, विमान आत न्यावे किंवा पंख उतरवावेत.

जमीन व मेखा : वादळानंतर पाहणी केली तर दोर बहुधा शाबूत आणि मेख उपटलेली आढळते. पुण्याच्या पूर्वेकडे व नदीकाठच्या पट्ट्यात काळी कापसाची जमीन आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजामुळे ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. एप्रिलमध्ये पहारीने ठोकलेली मेख घट्ट वाटते; पण भेग तिच्या अंगालाच पडलेली असली तर तिला धरून ठेवणारे काही उरत नाही. पहिल्या सरीनंतर वरचा थर लोण्यासारखा होतो. साधी सरळ मेख उभ्या ओढीला केवळ घर्षणाने विरोध करते. तंबूची मेख तिरपी ठोकतात ते आडव्या ओढीसाठी, आणि तंबूचा अनुभव येथे थेट लागू करणे चूक आहे. तळाशी पाते असलेली पिळाची मेख किंवा पुरलेली पोलादी चकती वर येताना आपल्यावरच्या मातीचा उलटा शंकू सोबत उचलू पाहते. २० सेंमी. व्यासाची चकती ६० सेंमी. खोल पुरली आणि शंकूची बाजू उभ्या रेषेशी ३० अंशांत धरली, तर ढोबळ हिशोबाने पावणेतीनशे किलो माती तिच्यावर बसते. जमीन पाण्याने तुडुंब भरली की हा आधार निम्म्यावर येतो.

मुरमाड माळावर प्रश्न उलटा असतो. मेख आतच जात नाही आणि पाऊण फुटावर खडक लागून वाकते. तेथे भोक पाडून सळई सिमेंटने बसवणे हा कायमचा उपाय. तो शक्य नसेल तेथे वजन वापरतात. २०० लिटरचे पाण्याने भरलेले पिंप २०० किग्रॅ.च भरते, तेच काँक्रीटने भरले तर ४८० किग्रॅ.च्या आसपास जाते. पाण्याचे पिंप अर्धे राहिले की घसरते, म्हणून भरायचे तर काठोकाठ. वाळूची पोती सोयीची, पण उन्हाने पोते विरते हे दुसऱ्या वर्षी लक्षात येते.

दोर व गाठी : अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या १९८३ च्या सल्ला-परिपत्रकात लहान विमानांसाठी सु. ३,००० पौंड (१,३६० किग्रॅ.) ओढ सोसणारा दोर सुचवला आहे. मायक्रोलाइटसाठी हा आकडा अवास्तव मोठा वाटतो. मात्र गाठीने दोराचे बळ तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते आणि झटक्याचा भार स्थिर भाराच्या कितीतरी पट होतो, हे धरले तर तो तसा राहत नाही. घायपात व मनिला यांचे दोर भिजले की आखडतात. उन्हात ताणून बांधले तर पावसात पंखावर उलट्या उड्डाणासारखा भार आणतात. म्हणून इंचभर ढील ठेवायची. नायलॉन आखडत नाही, पण ताणला जातो; पॉलिएस्टर कमी ताणतो. बाजारातला निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर उन्हात वर्षभरात ठिसूळ होतो, तो वापरू नये. गाठ निरगाठ नको, कारण वादळ येताना ती सोडवून विमान आत घेता आले पाहिजे. सुरगाठही नको, ती झटक्यांनी सुटते. खलाशांची बोलाइन दोन्ही दोषांपासून मुक्त आहे. पंखाचा दोर बाहेरच्या अंगाला सु. ४५ अंशांत सोडतात.

उचल मारणे : दोर हा दुसरा उपाय, पहिला नव्हे. पंखाच्या वरच्या पृष्ठावर, पुढच्या कडेपासून साधारण चौथाई अंतरावर, फोम लावलेली दीड-दोन इंची लाकडी पट्टी लांबीभर बांधली तर प्रवाह तेथेच फुटतो आणि उचल घटते. स्वस्त, सोपा आणि फारसा न वापरला जाणारा उपाय. मागे चाक असलेले विमान नाक वर करून उभे राहते, म्हणजे ऐन उचलीच्या कोनात. त्याची शेपटी उचलून ठोकळ्यावर ठेवली की निम्मे काम होते. नाकाखाली चाक असलेल्यांना ही अडचण कमी. सुकाणू-पृष्ठे (विमान वळवणाऱ्या पंखांच्या व शेपटीच्या हलत्या फळ्या) मोकळी राहिली तर फडफडून बिजागऱ्या व दांड्या खिळखिळ्या करतात, आणि ही इजा बाहेरून दिसत नाही. वैमानिकाच्या हातातला सुकाणूचा दांडा सीटच्या पट्ट्याने बांधणे हा सर्वांचा उपाय. बाहेरून लावलेल्या खिट्टीला लाल फडके बांधतात, कारण ती न काढता उड्डाण करणे वाऱ्यापेक्षा घातक.

ट्राइक व ग्लायडर : ट्राइक म्हणजे कापडी पंखाखाली टांगलेली तीनचाकी इंजिनगाडी. तिचा पंख एका खांबावर डुलतो, म्हणून तो नाक वाऱ्याकडे करून नव्हे, तर वाऱ्याला आडवा ठेवतात. वाऱ्याकडचे टोक जमिनीला टेकवून बांधतात, पंख हलवण्याची दांडी गाडीच्या पुढच्या नळीला जखडतात. जोर वाढला तर खांब पाडून पंख जमिनीवर निजवतात किंवा कापडाला आकार देणाऱ्या काड्या काढून गुंडाळतात. हडपसर येथील ग्लायडिंग सेंटरमुळे पुण्यातील हौशी वैमानिकांना ग्लायडर ठेवण्याची तत्सम रीत परिचित आहे : वाऱ्याकडचा पंख खाली आणि त्याच्यावर जुने टायर. ट्राइकची रीत ग्लायडरवरून आली की स्वतंत्रपणे, याविषयी मतभेद संभवतो. तत्त्व मात्र एकच, वारा पंखाखाली शिरू न देणे.

निवारा : पत्र्याची शेड विमानाला वाऱ्यापासून वाचवते, पण दार वाऱ्याच्या बाजूस उघडे राहिल्यास आत दाब साठून छप्परच उडते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी १००–११० किमी. वेगाच्या वाऱ्यांसह कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पुणे जिल्ह्यावरून गेले, तेव्हा मावळातील फुलशेतीची पॉलिहाउसे फाटली आणि घराघरांचे पत्रे उडाले. विमानाची शेड याला अपवाद ठरावी असे काही तिच्या बांधणीत नसते. दार बंद, छताचे हुक तपासलेले आणि आतले विमानही बांधलेले, हे तीन असावेत. विमानावर ताडपत्री घालू नये. ती फडफडून कापडाचा रंग व लेप खरवडते आणि स्वत:च शीड बनते. पंखाचे डॅक्रॉन कापड उन्हाने क्षीण होते, त्यासाठी अंगाबरोबर बसणारे सच्छिद्र आवरण वेगळे मिळते. शेजारी चालू असलेल्या मोठ्या इंजिनाचा वा हेलिकॉप्टरचा झोत हाही वाराच धरावा.

पॅरामोटर (पाठीवर इंजिन बांधून उडवायचे कापडी छत्र) आणि कामशेतच्या टेकड्यांवर उडणारे पॅराग्लायडर यांना बांधणीचा प्रश्न नाही. छत्र गोळा करून पिशवीत भरतात.