लवणातली थंडी

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत निघून जाते असं आमच्याकडं म्हणतात. पण माघात सकाळी साडेसहाला मोटारसायकल काढून आडरस्त्यानं ड्युटीला जाणाऱ्या माणसाला विचारा, जायच्या आधी ती काय काय दाखवून जाते ते. माझं गाव माण तालुक्यात, काम फलटणला, आणि हायवे सोडून आतल्या रस्त्यानं जायची मला सवय. दोन्ही बाजूला काढणीला आलेला शाळू, मधेच कुणाचा डाळिंबाचा बाग, मग माळ, मग ओढा, परत माळ, आणि शेवटी मोगराळे घाट उतरायचा. या रस्त्यावर माळ संपून गाडी ओढ्याकडं उतरायला लागली की गुडघ्यांना अचानक गार पाण्यात पाय घातल्यासारखं होतं, फरशी पूल ओलांडून पलीकडच्या चढाला लागलं की तो गारठा जसा आला तसा जातो, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे, आणि विचारलं तर सगळे सांगतात की ओढ्यात पाणी असतं म्हणून गार लागतं. मीही तेच समजत होतो. पण आमचा ओढा जानेवारी संपतासंपता कोरडा ठाक होतो, तरी गारठा तिथंच.

मग पोल्ट्रीत वापरतात तसला वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला आणि त्याचा सेन्सर हँडलच्या पुढं, इंजिनची धग लागणार नाही असा बांधला. माळावर गाडी बंद करून पाच मिनिटं थांबलो, १५ च्या थोडं वर. दीड किलोमीटर पुढं ओढ्यात थांबलो, ११ च्या खाली. उंचीतला फरक फार तर तीस-चाळीस मीटरचा असेल. आपण शाळेत शिकलो की वर जावं तसं गार होतं, एक किलोमीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. इथं सगळं उलटं, खाली गार आणि वर ऊब.

याचं कारण आकाशात आहे. जमीन दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता इन्फ्रारेड किरणांच्या रूपात वर सोडत राहते. ढग असले किंवा हवेत बाष्प भरपूर असलं तर त्यातली बरीचशी उष्णता ते परत खाली पाठवतात, पांघरुणासारखं. फेब्रुवारीत आपल्या देशावरच्या भागात आभाळ निरभ्र, हवा कोरडी, म्हणजे पांघरूणच नाही. त्यात माळाची जमीन वाळलेली, आणि कोरडी जमीन वरच्यावर पटकन तापते तशीच पटकन निवते. म्हणूनच या दिवसांत दुपारी ३३ आणि पहाटे ११ अशी तफावत दिसते, जी पावसाळ्यात कधी दिसत नाही. घरी बघायचं असेल तर एक गाडी रात्री उघड्या अंगणात लावा आणि एक चिंचेखाली. सकाळी अंगणातल्या गाडीचं सीट दवानं ओलं असेल आणि चिंचेखालचं बहुतेक कोरडं. हवा दोन्हीकडं तीच, पण अंगणातलं सीट थेट आकाशाकडं उष्णता टाकत बसलं आणि हवेपेक्षाही गार झालं, चिंचेखालच्या सीटला मात्र झाडाची उष्णता परत मिळत राहिली.

जमीन निवली की तिला टेकलेली हवा निवते, गार हवा जड असते, आणि जड वस्तू उतारानं खाली जाते. रात्रभर ही हवा अगदी संथपणे, पाण्यासारखी, माळावरून सरकत लवणात, म्हणजे ओढ्याकाठच्या खोलगट भागात, उतरते आणि तिथं साचते. वारा नसेल तर तिला ढवळणारं कुणी नाही. म्हणजे आपण पहाटे ओढ्यात उतरतो तेव्हा खरंच एका तळ्यात उतरत असतो, फक्त ते तळं गार हवेचं असतं. त्याचा काठसुद्धा दिसतो! वाटेतल्या वस्तीवर चुली पेटलेल्या असतात, तिथला धूर छपरापर्यंत वर जातो आणि मग एकदम आडवा होऊन चादरीसारखा पसरतो. धूर ऊन असतो म्हणून वर चढतो, पण वरची हवा त्याच्यापेक्षा ऊबदार मिळाली की त्याचं चढणं संपतं. पसरलेल्या धुराची ती वरची रेघ म्हणजे तळ्याचा काठच समजा. आवाजाचंही तसंच, वरच्या उबदार थरातून आवाज वाकून परत जमिनीकडं येतो, म्हणून दिवसा कधी न ऐकू येणारा साखर कारखान्याचा भोंगा पहाटे कितीतरी लांबून ऐकू येतो.

आमच्याच जिल्ह्यात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतो, महाबळेश्वरला दवबिंदू गोठले. नीट वाचलं तर ते गोठलेले असतात वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात, गाड्यांच्या टपावर, बोटींच्या जेटीवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर. त्याच सकाळी गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो आणि मग लोक म्हणतात की यातलं एक काहीतरी खोटं आहे. दोन्ही खरं आहे. वेण्णा लेकचा भाग खोलगट, तिथं गार हवा साचते, आणि टप किंवा पान हे उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही खाली निवतं. आमचा ओढा म्हणजे त्याचीच गरीब आवृत्ती.

हे बागायतदारांना आणि मेंढपाळांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. कडाक्याच्या रात्री द्राक्षवाले पहाटे बागेला पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा कितीतरी ऊबदार असतं (म्हणून तर पहाटे पाटातून वाफा निघताना दिसतात), ती ऊब बागेला मिळते. आणि माळावर मेंढ्या बसवलेल्या एका मामांना मी विचारलं होतं की खाली ओढ्याला आडोसा आहे, तिकडं का नाही वाडा लावत, तर म्हणाले, "लवणात नगं, कोकरं गारठत्यात."

आता गाडीवरच्या माणसाचं बघू. पळत्या गाडीवर थर्मामीटरचा आकडा कमी होतो का? नाही होत, मी बघितलंय, १५ च्या हवेत ६० नं गेलं तरी तो १५ च दाखवतो. कारण वारा हवा गार करत नाही, तो आपल्याला गार करतो. अंगाभोवती आपल्याच उष्णतेनं तापलेल्या हवेचा पातळ थर असतो, वारा तो ओरबाडून नेतो आणि शरीराला परत परत नवा थर तापवावा लागतो. थर्मामीटरला स्वतःची उष्णताच नाही, तर त्याचं काय ओरबाडणार. वाऱ्यानं थंडी किती जास्त बोचते याचा हिशोब पहिल्यांदा अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी मांडला, वाऱ्यात टांगलेल्या नळीतलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजून, आणि १९४५ साली तो छापला. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून त्याचं सुधारलेलं सूत्र वापरतात. त्या सूत्रात १० अंश हवा घालून बघितलं तर ताशी २० किलोमीटरला चेहऱ्याला साडेसातच्या आसपास वाटतं, ४० ला ६, आणि ६० ला ५.

हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण आपण काय करतो, थंडी वाजली की ६० वरून ४० वर येतो आणि वाटतं की आता बरं वाटेल. मिळतो फक्त एक अंश, आणि त्या बदल्यात गारठ्यात राहायचा वेळ दीडपट होतो. निम्म्याहून जास्त नुकसान पहिल्या वीसच्या स्पीडलाच होऊन गेलेलं असतं. (स्पीड कमी करायला दुसरी शंभर कारणं आहेत, स्पीड कमी करावीच, पण थंडीसाठी त्याचा उपयोग नाही.) उपयोग होतो तो वारा अडवणाऱ्या कापडाचा. विणलेला स्वेटर कितीही जाड असला तरी वारा त्यातून आरपार जातो, आणि त्याच स्वेटरवर साधा रेनकोट चढवला की दोघं मिळून काम करतात, स्वेटर हवा धरून ठेवतो आणि रेनकोट तिला जाऊ देत नाही. जुने लोक छातीवर पेपर घालून गाडी चालवायचे त्याच्यामागं हेच शास्त्र आहे.

हातांचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत ओढा चढून वर आलो, वळणावर उसाची ट्रॉली उभी, मागं रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही. मला ती दिसली वेळेत. मेंदूनं ब्रेक म्हटलं, बोटं लिव्हरवर होतीच, पण किती दाबलं जातंय ते मला कळेना, जणू दुसऱ्याच्या हातानं दाबतोय. मागचा ब्रेक पायानं जोरात मारला, गाडी आडवी घसरत गेली आणि बाहेर आलेल्या उसाच्या बुडख्यांपासून वीतभर अंतरावर थांबली. मी ट्रॉलीखालचा दगड धरून तिथंच बसलो कितीतरी वेळ, उठवेना.

नंतर वाचलं तेव्हा समजलं की काय झालं होतं. नस गार झाली की तिच्यातून संदेश हळू जातो, दर अंशाला सेकंदाला साधारण दीड-दोन मीटर इतका वेग कमी होतो. पण तो उशीर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजायचा, त्यानं ट्रॉलीवर कुणी आदळत नाही. खरा घोटाळा म्हणजे बोटांच्या टोकांची जाणीव जाते आणि पकडीची ताकद उतरते. आणि ही ताकद बोटांत नसतेच, बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात, बोटांत नुसत्या त्यांच्या दोऱ्या आलेल्या असतात. मनगटावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून मूठ उघडमिट करा, त्या दोऱ्या सरकताना हाताला लागतील. म्हणजे भारी ग्लोव्हज घातले आणि जॅकेटची बाही मनगटावर उघडी राहून वारा आत शिरत राहिला तर गारठतात ते स्नायूच. मी आता ग्लोव्हज बाहीच्या वरून ओढतो आणि मनगट ते कोपर जुन्या मोज्याची कापलेली नळी घालतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर, अर्धा सेकंद चाचपडण्यात गेला तर आठ मीटर गेले.

टायरची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी आहे पण कुणी लक्ष देत नाही. दुपारी ३३ अंशाला २९ पीएसआय हवा भरली आणि पहाटे ११ अंशाला मोजली तर ती २६ च्या आसपास भरते. पंक्चर नाही, वॉल्व्ह लीक नाही, हवा तितकीच आहे, गार झाली म्हणून दाब उतरला. कंपनी जो आकडा देते तो गार टायरचा असतो, म्हणून हवा सकाळी निघायच्या आधी बघायची, घरात पायपंप असला की झालं. रबरही गारठ्यात थोडं कडक असतं, पहिले चार-पाच किलोमीटर गाडी वळणात फार झुकवू नये. आणि ओढ्यातली फरशी! गार हवा जिथं साचते तिथंच दव जास्त पडतं, ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली काळी माती तिथं आणून टाकलेली असते, दोन्ही मिळून लेप तयार होतो, जो हेडलाईटमध्ये नुसता ओला रस्ता वाटतो. त्यावर ब्रेक नाही, रेस नाही, गाडी सरळ ठेवून जाऊ द्यायची.

इंजिनचं फार सांगत नाही. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून मिश्रणात पेट्रोल वाढवावं लागतं, ते काम पूर्वी आपण चोक ओढून करायचो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन आहे, तिथं सेन्सर इंजिनचं तापमान बघून ते आपोआप करतो.

उशिरा निघता येत असेल तर किती उशिरा निघावं, हेही मोजलं. सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नाही, सूर्य उगवतानाची आणि त्यानंतरच्या थोड्या मिनिटांची, कारण कोवळं ऊन जमिनीला देतं त्यापेक्षा जमीन अजून जास्त सोडत असते. माझा थर्मामीटर ओढ्यात सात वाजून दहा मिनिटांनीसुद्धा खाली सरकत होता. गेल्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम नऊला गेलो. माळावर २१, ओढ्यात २०, अंगावर पहिली झुळूक येत होती, आणि वस्तीवरच्या चुलीचा धूर सरळ वर चढून विरत होता.