दारू कुठली, गोळा कुठला: सिल्व्हरटाउन आणि बार्नबो

दारूगोळा हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्यात दोन वेगळे धंदे आहेत. दारू बनवणं निराळं आणि ती गोळ्यात भरणं निराळं. खडकीत राहिलेल्यांना हे सांगायला नको. तिथे अम्युनिशन फॅक्टरी वेगळी आणि एचई, म्हणजे हाय एक्स्प्लोझिव्ह्ज फॅक्टरी, वेगळी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत राबलेल्या बायकांविषयी वाचताना मात्र हा फरक हटकून विसरला जातो आणि सिल्व्हरटाउन व बार्नबो या दोन स्फोटांची खिचडी होते. दोघांत अंतर जेमतेम दीड महिन्याचं: बार्नबो ५ डिसेंबर १९१६, सिल्व्हरटाउन १९ जानेवारी १९१७.

सिल्व्हरटाउन हा दारूचा कारखाना. लंडनच्या पूर्वेला, थेम्सच्या काठी, कामगारांच्या दाट वस्तीत ब्रनर माँड कंपनीचा कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. त्याचा काही भाग १९१२ पासून बंद पडला होता. युद्धात टीएनटी या स्फोटक दारूची टंचाई झाली तेव्हा सरकारने तिथे टीएनटी शुद्ध करायला लावलं. कच्चा माल वितळवायचा, गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचा आणि शुद्ध स्फटिक काढायचे. दारू शुद्ध करायला दारूच! हे काम भर वस्तीत करणं धोक्याचं आहे असं कंपनीचेच रसायनतज्ज्ञ फ्रीथ सांगत होते, पण माल हवा होता. त्या शुक्रवारी संध्याकाळी वितळवण्याच्या खोलीला आग लागली आणि ६ वाजून ५२ मिनिटांनी सुमारे ५० टन टीएनटी उडालं. नदीपलीकडच्या ग्रीनिचमधली गॅसची प्रचंड टाकीही पेटली. ७३ माणसं गेली, ४०० वर जखमी झाली आणि साठ हजारांहून जास्त इमारतींचं कमी-अधिक नुकसान झालं. मेलेल्यांत कारखान्यातले लोक होते, तसेच आग विझवायला धावलेले बंबवाले आणि आजूबाजूच्या घरांतली माणसं, मुलंही होती. आग विझवण्याच्या धडपडीत गेलेले मुख्य रसायनतज्ज्ञ अँड्रिया एंजल यांना मरणोत्तर एडवर्ड पदक मिळालं.

हा स्फोट ‘वुलिचच्या आर्सेनलमध्ये’, म्हणजे तिथल्या सरकारी शस्त्रकारखान्यात, झाला असं पुष्कळदा वाचायला मिळतं. ते चूक आहे. वुलिचचं रॉयल आर्सेनल नदीच्या दुसऱ्या काठाला, आणखी पूर्वेला. तिथेही हजारो बायका कामाला होत्या, म्हणून गोंधळ होतो.

बार्नबो हा गोळ्याचा कारखाना. लीड्सजवळची ही सरकारी फॅक्टरी वस्तीपासून दूर, मोकळ्या रानात मुद्दाम उभारलेली. कामगार आणायला खास आगगाड्या, कामगारांना दूध मिळावं म्हणून कारखान्याच्याच गायी. कामगारांत दहातल्या नऊ बायका-मुली. हेअरपिन नको, काडेपेटी नको, कॉर्सेटमध्ये धातूची पट्टी नको. ठिणगी पडेल असं अंगावर काहीच चालत नसे. टीएनटी हाताळून कातडी पिवळी पडायची, म्हणून अशा बायकांना लोक ‘कॅनरी’ या पिवळ्या पक्ष्याच्या नावाने हाक मारत.

त्या रात्री दहाची पाळी नुकतीच सुरू झाली होती. ४२ नंबरच्या खोलीत सुमारे १७० जणी होत्या. इथे दारू बनत नव्हती. भरलेले साडेचार इंची गोळे येत, त्यांच्या टोकात फ्यूज, म्हणजे गोळा उडवणारा भाग, हाताने बसवायचा, टोपी फिरवून लावायची आणि मग यंत्रावर गोळा गरगर फिरवून ती घट्ट करायची. १० वाजून २७ मिनिटांनी स्फोट झाला. ३५ बायका गेल्या. काहींची ओळख फक्त गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटली. विल्यम पार्किन नावाचा मेकॅनिक पुन्हा पुन्हा आत शिरून जखमी मुलींना बाहेर काढत राहिला. आणि काम? थोड्याच वेळात दुसऱ्या बायका त्याच खोलीत आपणहून कामाला उभ्या राहिल्या. या वाक्याला मी प्रत्येक वेळी अडखळतो. शौर्य म्हणावं की नाइलाज, मला ठरवता आलेलं नाही.

खरा फरक मला बातमीत दिसतो. सिल्व्हरटाउनचा आवाज मैलोन्‌मैल ऐकू गेला, लंडनच्या आकाशात उजेड दिसला. तो लपवणार कसा? सरकारला लगेच पत्रक काढावं लागलं. त्यात गावाचं नाव न घेता ‘लंडनच्या आसपासचा’ एक कारखाना एवढंच होतं. मुंबईत १९४४ च्या एप्रिलमध्ये फोर्ट स्टिकिन बोट व्हिक्टोरिया डॉकमध्ये उडाली तेव्हाही असंच झालं. सगळ्या शहराने धक्का सोसला, पण वार्ताहरांना सविस्तर बातमी धाडायची परवानगी मे महिना उजाडल्यावर मिळाली.

बार्नबो रानात होतं, भिंतींच्या आत होतं, रात्री होतं, त्यामुळे ते लपलं. यॉर्कशायर इव्हनिंग पोस्टमध्ये मृत्यूच्या बातम्यांची रांग लागली, प्रत्येकीपुढे ‘अपघातात मृत्यू’ एवढंच. खरी हकीकत लोकांपुढे यायला युद्ध संपून सहा वर्षं जावी लागली. म्हणून शोध घेताना सिल्व्हरटाउनसाठी पहिल्या पानाच्या बातम्या आणि पडझडीचे फोटो पुरतात. बार्नबोसाठी छोट्या मृत्यूवार्तांची तारीख जुळवत बसावं लागतं. त्या बायकांची नावं आज यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चमध्ये, ‘फाइव्ह सिस्टर्स’ खिडकीजवळच्या लाकडी पडद्यांवर वाचता येतात.

दारू आणि गोळा ही विभागणी मात्र सगळीकडे चालत नाही. नॉटिंगहॅमजवळचं चिलवेल हे गोळे भरण्याचंच ठिकाण, पण १ जुलै १९१८ ला तिथे उडाली ती भरण्याआधीची, ढिगातली दारू, टनांनी. १३४ जण गेले, त्यांतल्या फक्त ३२ जणांची ओळख पटली.