बारा ग्रॅमचा प्लेअर बाजारातून उठतो तेव्हा

ॲपलच्या आयपॉड शफल या छोट्या गाण्यांच्या प्लेअरची चौथी आवृत्ती सप्टेंबर २०१० मध्ये आली. वजन साडेबारा ग्रॅम, मेमरी २ जीबी, एकदा चार्ज केला की १५ तास गाणी. पडदा नाही, कपड्याला अडकवायला मागे चिमटा. २७ जुलै २०१७ ला त्याची विक्री थांबली, तोवरच्या सात वर्षांत त्यात फक्त रंग बदलले: २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये. एखादा छोटा, साधा प्लेअर बंद होणार का, अशी कुजबुज सुरू झाली की पहिली खूण हीच पाहावी. मेमरी वाढत नाही, आतली चिप बदलत नाही, खोक्यावर नवा रंग तेवढा येतो. बहुतेक वेळा याचा अर्थ असा असतो की नव्या डिझाइनवर कोणी काम करत नाहीये आणि जुने सुटे भाग मिळताहेत तोवर जुळणी चालू आहे.

मागणी घटली म्हणून उत्पादन थांबतं हे खरं आहे, पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं सुट्या भागांच्या बाजारातून येतं. फ्लॅश मेमरीचे, म्हणजे गाणी साठवणाऱ्या चिपचे, कारखाने सतत त्याच आकाराच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अधिकाधिक मेमरी बसवत जातात. हे तुकडे जिच्यातून पाडतात ती सिलिकॉनची चकती तीच, यंत्रं तीच. मग तिच्यावर २ जीबीचे तुकडे पाडत बसण्यापेक्षा ३२ जीबीचे पाडणं परवडतं. म्हणून लहान मेमरी आधी स्वस्त होत जाते आणि मग मिळेनाशीच होते. चिप बनवणारी कंपनी आपल्या ग्राहक-कंपन्यांना तशी सूचना पाठवते. या धंद्यातली सर्वसाधारण रीत अशी की शेवटची मागणी नोंदवायला सहा महिने आणि माल उचलायला एक वर्ष मिळतं. तेवढ्या वेळात प्लेअर बनवणाऱ्याने ठरवायचं: पुढच्या सगळ्या वर्षांचा साठा आत्ताच भरून ठेवायचा, नव्या चिपसाठी सर्किट बोर्ड नव्याने आखायचा, की थांबायचं. सप्टेंबर २०१४ मध्ये आयपॉड क्लासिक बंद झाला तेव्हा ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीरपणे हेच सांगितलं होतं: त्याचे भाग जगात कुठेच मिळेनात, आणि नव्याने डिझाइन करावं इतके गिऱ्हाईक उरले नव्हते.

भागच नव्हे, ते बनवणाऱ्या कंपन्याही टिकत नाहीत; पहिल्या शफलमधली मुख्य चिप पाहा. जानेवारी २००५ च्या त्या प्लेअरमध्ये सिग्माटेल या कंपनीची चिप होती. एमपी३ उलगडणं, आकड्यांचा आवाज करणं, हेडफोनला ताकद देणं, यूएसबी सांभाळणं, हे सगळं ती एकटी करायची. २००८ मध्ये सिग्माटेल फ्रीस्केल या दुसऱ्या चिप-कंपनीने घेतली आणि २०१५ मध्ये फ्रीस्केल एनएक्सपीत विलीन झाली.

असा प्लेअर फोनमध्ये विरून जातो तेव्हा हातची एक फार काटेकोर रचना जाते, आणि ती आकड्यांत पाहण्यासारखी आहे. चौथ्या शफलची बॅटरी जेमतेम ५० मिलिअँपिअर-तासांची. तेवढ्यावर १५ तास गाणी, म्हणजे ताशी सव्वातीन-साडेतीन मिलिअँपिअर. ३.७ व्होल्टने गुणलं तर सुमारे १२ मिलिवॉट. फोनचा पडदा एकटाच याच्या कित्येक पट वीज घेतो.

इतक्या कमी विजेत भागतं, कारण काम तुकड्यातुकड्यांत होतं. एमपी३ फाइल छोट्या चौकटींची बनलेली असते. एका चौकटीत आवाजाचे १,१५२ नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने एक चौकट २६ मिलिसेकंद वाजते. सेकंदाला १२८ किलोबिटच्या फाइलमध्ये ही चौकट सुमारे ४१८ बाइटची. चिपने ४१८ बाइट उचलायचे, उलगडायचे, पुढच्या टप्प्याकडे द्यायचे आणि उरलेला वेळ झोपायचं. सेकंदाला ३८ वेळा हेच. मेमरीतूनही थेंबथेंब वाचलं जात नाही. एकदम मोठा घास घेऊन मेमरीचा भाग बंद केला जातो. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये हार्डडिस्क होती, तेव्हाही हीच युक्ती होती: ३२ एमबीच्या तात्पुरत्या मेमरीत पुढची गाणी ओढून घ्यायची आणि डिस्क फिरायची थांबवायची. आणि प्रत्यक्ष ऐकायला किती वीज लागते? चांगल्या संवेदनशील इअरफोनला एक मिलिवॉटमध्ये सुमारे १०० डेसिबल आवाज काढता येतो. डेसिबलचं माप दसपटीत चढतं, त्यामुळे ८० डेसिबलला एक शतांश मिलिवॉट पुरतो. बाकी सगळा खर्च चिपला जागं ठेवण्याचा.

आता त्याच लहान बॅटरीची दुसरी बाजू. उत्पादन थांबलं की लोक आपला प्लेअर जपून ठेवतात, म्हणजे खणात टाकतात, आणि तिथेच तो मरतो. बंद केलेला प्लेअरही पूर्ण बंद नसतो. बटण दाबलं का हे पाहणारा भाग, घड्याळ, बॅटरीचं संरक्षक सर्किट, हे सगळं मिळून समजा १० मायक्रोअँपिअर घेतं. अर्धी चार्ज असलेली ५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २५ मिलिअँपिअर-तास. भागाकार केला की येतात २,५०० तास, साडेतीन महिने. त्यात बॅटरीची स्वतःची गळती वेगळी. फोनच्या ४,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला हीच गळती जाणवलीही नसती.

बॅटरी रिकामी होणं वाईट नाही, फार खाली जाणं वाईट. लिथियम पॉलिमर बॅटरीचा व्होल्टेज अडीचच्या बराच खाली जाऊन तिथेच राहिला की ऋण टोकाचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून नीट बनवलेला प्लेअर फार उतरलेल्या बॅटरीला आधी अगदी बारीक प्रवाह देतो आणि व्होल्टेज तीनच्या आसपास आला की मगच नेहमीचं चार्जिंग सुरू करतो. पाच मिनिटांत दिवा लागला नाही म्हणून केबल काढू नका. दोन-तीन तास लावून ठेवा, पण जवळ थांबून. प्लेअर गरम होऊ लागला, कवच फुगलं किंवा फट वाढलेली दिसली तर तिथेच थांबा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, पुन्हा चार्ज करायची नाही.

ठेवायचा असेल तर अर्ध्याच्या आसपास चार्ज करून, थंड कोरड्या जागी, आणि दर दोन महिन्यांनी केबलला लावून. पूर्ण भरून ठेवणं उलट वाईट. ४.२ व्होल्टवर आतला रासायनिक थर जास्त वेगाने जाड होतो, उष्णता त्यात भर घालते, आणि बॅटरी न वापरताच म्हातारी होते.

बॅटरी बदलता येते का? येते, फक्त हात स्थिर हवा. जुन्या बॅटरीवर सहा आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ४०२०३०. पहिले दोन म्हणजे जाडी ४.० मिलिमीटर, मग रुंदी २० आणि लांबी ३०. नवी घेताना जाडीशी तडजोड करू नका. चार्ज होताना ती किंचित फुगते, आणि घट्ट कोंबलेली बॅटरी कवच उचलते. क्षमता जुनीइतकी किंवा थोडी जास्त असावी, कमी कधीच नको. चार्जिंगचा प्रवाह मूळ बॅटरीच्या मापाने ठरवलेला असतो, त्यामुळे निम्म्या क्षमतेच्या बॅटरीला तो दुप्पट जड पडतो. बऱ्याच बॅटऱ्यांना तिसरी वायर असते, ती तापमान मोजण्यासाठी. ती जोडली नाही तर प्लेअर सुरू होतो पण चार्ज होत नाही. जुन्या वायरी एकेक करून कापा आणि प्रत्येक टोकाला लगेच चिकटपट्टी लावा. दोन्ही एकदम पकडीत धरल्या की पकडीचं लोखंडच शॉर्ट करतं. ही इथली सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती काही क्षणांत बॅटरी संपवते.

मेमरीबद्दल लोक चुकीच्या गोष्टीची काळजी करतात. फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते हे खरं. पण साधारण ३,००० वेळा लिहिता येणारी मेमरी दर आठवड्याला पूर्ण पुसून भरली, तरी ५७ वर्षं लागतील. खरा धोका न लिहिण्यात आहे. फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे चारी बाजूंनी बंद केलेल्या कप्प्यात अडकवलेले इलेक्ट्रॉन, आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतात. एका कप्प्यात एकच बिट असेल तर भरलेलं की रिकामं एवढंच ओळखायचं असतं. दोन बिट असतील तर चार पातळ्या, तीन असतील तर आठ. पातळ्या जितक्या जवळ, तितक्या थोड्या गळतीने वाचन चुकतं. चूक सुधारणारी गणितं काही बिट सावरून घेतात, त्यापलीकडे नाही. एखादं गाणं मध्येच अडखळलं तर चालेल, पण बऱ्याच प्लेअरमध्ये त्यांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅमही त्याच मेमरीत असतो. तो बिघडला की यंत्र उठतच नाही.

म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा सगळी गाणी संगणकावर काढून, प्लेअर फॉरमॅट करून पुन्हा भरावीत. कप्पे ताजे होतात. फॉरमॅट करताना फाइल मांडण्याच्या पद्धतींपैकी फॅट३२ निवडा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलं तर संगणकाला सगळं दिसतं आणि प्लेअर मात्र रिकामा म्हणतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावर फर्मवेअरची फाइल असेल तर ती आजच उतरवून ठेवा. उत्पादन संपल्यावर ती पानंही कधीतरी काढली जातात, आणि तेव्हा शोधाशोध करून उपयोग नसतो.

जोडणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. १९९८ चा डायमंड रिओ पीएमपी३०० घ्या: ३२ एमबी मेमरी आणि एक साधा पेन्सिल सेल. त्याच्या विजेचा प्रश्न आजही नाही, सेल बदलला की झालं. पण त्यात गाणी भरायची ती संगणकाच्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून, आणि तो पोर्ट आजच्या संगणकांवर नसतोच. शफलच्या दुसऱ्या आवृत्तीपासून इअरफोनचं भोक हीच चार्जिंगची आणि माहितीची वाट झाली. पिनेवरच्या चार धातूच्या पट्ट्यांतून वीज, माहितीच्या दोन वायरी आणि अर्थिंगची वायर जातात. ती केबल हरवली की चांगला प्लेअरही निरुपयोगी होतो. दुसऱ्याची केबल लावून संगणकाने ओळखलं नाही तर आधी पिन पूर्ण आत बसली आहे का ते पाहा, मग भोकातला मळ. घामातलं मीठ आणि कापडाचे तंतू तिथे दाबले जाऊन घट्ट थर होतो. एका कानात आवाज येईनासा होतो तोही बऱ्याचदा यानेच. लाकडी दातकोरणीने तंतू सैल करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला बारीक ब्रश फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. थेट फवारा मारू नका, तो बटणांच्या खाली झिरपतो.

शफलमध्ये फाइल नुसती टाकून वाजत नाही. आयट्यून्सएसडी नावाची एक यादी-फाइल असते. प्लेअर फक्त तिच्यात नोंदलेलीच गाणी वाजवतो. तिचा आराखडा तिसऱ्या आवृत्तीत बदलला. ही यादी लिहिणारी मुक्त स्रोत साधनं आहेत, लिबजीपॉड हे त्यातलं जुनं, आणि त्यांच्यामुळे निर्मात्याच्या संगणक-प्रोग्रॅमशिवायही काम भागतं. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपसारख्या प्लेअरवर हे बंधन नाही. क्लिप प्लसच्या सेटिंगमध्ये यूएसबीसाठी एमएससी हा पर्याय निवडला की तो साध्या पेनड्राइव्हसारखा उघडतो. त्यात मेमरी कार्डही बसतं, आणि २००१ पासून चालत आलेलं रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर त्यावर चालतं. जपण्यासाठी एकच छोटा प्लेअर निवडायचा असेल तर आमचं मत क्लिप प्लसला, शफल कितीही देखणा असला तरी. त्याची एक नेहमीची तक्रार सांगून ठेवतो: नवी गाणी भरल्यावर यादी ताजी करताना तो एका जागी गोठतो. कारण बहुधा टॅग (फाइलमधली गाण्याचं नाव, गायक वगैरेची नोंद) बिघडलेली एखादी फाइल असते. चालू-बंदचं बटण १५-२० सेकंद दाबून ठेवा, मग गाणी निम्मी-निम्मी करून भरत ती फाइल हुडका. शंभर गाण्यांत सात फेऱ्यांत सापडते.

बंद झालेला प्लेअर वापरलेला विकत घेताना चार गोष्टी तपासा. संपूर्ण मेमरी भरून फाइल परत संगणकावर घ्या आणि मूळ फाइलशी जुळवा, कारण मेमरी आहे त्याहून जास्त दाखवणारी नक्कल नेमकी शेवटच्या भागात उघडी पडते. पूर्ण चार्ज करून मध्यम आवाजात सलग वाजवा. छापील वेळेच्या निम्म्याहून कमी टिकला तर बॅटरीचा खर्च धरूनच किंमत ठरवा. पिन भोकात हलकेच फिरवून दोन्ही कान ऐका. आणि सपाट काचेवर पालथा ठेवून बाजूने उजेडात पाहा: मधोमध उंचावलेला दिसला, डुगडुगला, तर आतली बॅटरी फुगली आहे.