दाव्यामुळे पडला, दाव्यामुळेच वाचला : ‘मार्तंड वर्मा’ या मूकपटाची पार्श्वभूमी

आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. त्यातले आज पाहायला मिळतात ते दोन-तीन डझन, आणि त्यातही काहींची दोन-चार रिळंच उरली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपलेल्या या मोजक्या मूकपटांत ‘मार्तंड वर्मा’ हे एक नाव आहे. दक्षिणेत बनलेल्या मूकपटांपैकी आज बघता येतो तो हाच. १९३३ साली तो त्रावणकोरात, म्हणजे आजच्या दक्षिण केरळातल्या तेव्हाच्या संस्थानात, पडद्यावर आला आणि लगोलग कोर्टकज्ज्यात अडकून उतरला. त्याची गोष्ट मात्र त्याच्या दोनशे वर्षं आधी सुरू होते.

मार्तंड वर्मा हा त्रावणकोरचा राजा. त्याची कारकीर्द १७२९ ते १७५८, म्हणजे इकडे पहिल्या बाजीरावाच्या मोहिमा चालू असताना तिकडे हा तरुण गादीसाठी झुंजत होता. पेशवाईतली भाऊबंदकी आपल्या परिचयाची आहे, पण या भांडणाची मेख वेगळी आहे. त्रावणकोरात वारसा आईच्या बाजूनं चाले. राजाच्या मागे गादी मुलाला मिळत नसे, बहिणीच्या मुलाला मिळे. मार्तंड वर्मा हा राम वर्मा राजाचा भाचा, त्यामुळे रिवाजानं हक्क त्याचा. पण राम वर्माच्या मुलांना, म्हणजे तंपी बंधूंना, बापाची गादी हवी होती. राज्यातले आठ बलाढ्य सरदार, ‘एट्टुवीट्टिल पिळ्ळमार’, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. युवराजाला मारेकऱ्यांपासून जीव वाचवत रानोमाळ फिरावं लागलं. नेय्याट्टिनकरा इथल्या फणसाच्या ढोलीत लपून तो वाचला, अशी आख्यायिका तिकडे घरोघरी सांगतात. पुढे त्यानं हे सरदार मोडून काढले, १७४१ साली कोळच्चलच्या किनाऱ्यावर डचांना हरवलं आणि १७५० मध्ये सगळं राज्य श्रीपद्मनाभस्वामींच्या चरणी अर्पण केलं. तेव्हापासून त्रावणकोरचे राजे स्वतःला ‘पद्मनाभदास’ म्हणवू लागले.

सी. व्ही. रामन पिळ्ळै यांनी १८९१ साली याच काळावर ‘मार्तंडवर्मा’ ही कादंबरी लिहिली. मल्याळम भाषेत कादंबरी हा प्रकारच तेव्हा कोवळा होता. चंदू मेनन यांची ‘इंदुलेखा’ जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १८८९ मध्ये आलेली. आपल्याकडे गुंजीकरांच्या ‘मोचनगड’नं १८७१ मध्येच ऐतिहासिक कादंबरीची वाट पाडली होती. मल्याळममध्ये ती वाट पिळ्ळैंनी पाडली. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ची छाया तिच्यावर आहे, पण माती अस्सल त्रावणकोरची. कादंबरीचं नाव राजाचं असलं तरी तिचा जीव अनंतपद्मनाभन आणि पारुकुट्टी या जोडप्यात आहे. सगळे ज्याला मेलेला समजतात तो अनंतपद्मनाभन चान्नार जातीतल्या वेडसर माणसाचं सोंग घेऊन युवराजाची राखण करतो, आणि इकडे पारुकुट्टी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते. वेषांतर, पाठलाग, कट, विरह असं सगळं या पुस्तकात ठासून भरलेलं आहे. सिनेमावाल्याची नजर त्यावर न पडती तरच नवल. माझ्या मते मात्र खरी अवघड भूमिका सुभद्रेची. ती शत्रूच्या गोटातल्या घरातली, आणि तरीही युवराजाच्या बाजूनं उभी राहणारी.

नजर पडली ती नागरकोविलच्या आर. सुंदरराज यांची. नागरकोविल आज तमिळनाडूत आहे, तेव्हा ते त्रावणकोर संस्थानात होतं. त्यांनी श्री राजेश्वरी फिल्म्स या नावाखाली हा मूकपट काढला. दिग्दर्शन पी. व्ही. राव यांचं, आणि राजाच्या भूमिकेत जयदेव. हे धाडस किती मोठं होतं, ते मागचा अनुभव पाहिला की कळतं. मल्याळी मुलखातला पहिला चित्रपट, जे. सी. डॅनियल यांचा ‘विगतकुमारन’, थोड्याच वर्षांपूर्वी तिरुवनंतपुरमला लागला होता. त्यात पी. के. रोझी या दलित मुलीनं नायर या वरच्या जातीतल्या स्त्रीची भूमिका केली म्हणून प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. रोझीला गाव सोडावं लागलं, डॅनियल यांचं दिवाळं निघालं आणि तो चित्रपटही नाहीसा झाला. हे सगळं ठाऊक असताना सुंदरराज यांनी पैसा घातला. गोष्ट घराघरांत वाचलेली, राजा सगळ्यांच्या आदराचा, तेव्हा या खेपेला तरी लोक आपले म्हणतील, असा हिशेब त्यामागे असणार.

तो हिशेब चुकला तो भलत्याच ठिकाणी. कादंबरीचे हक्क कमलालय बुक डेपो या प्रकाशनसंस्थेकडे होते. आपल्या परवानगीविना कादंबरी पडद्यावर आणली, असं म्हणत प्रकाशकांनी कोर्टात धाव घेतली. चित्रपटाचं प्रदर्शन थांबलं आणि प्रत जप्त झाली. साहित्यकृतीच्या हक्कावरून कोर्टात गेलेल्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांत याची गणना होते. मला यात प्रकाशकांना दोष द्यावासा वाटत नाही. पुस्तक ही त्यांची मालमत्ता होती आणि लेखकाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. पण सुंदरराज यांचं नुकसान भरून येण्यातलं नव्हतं, कारण काळही उलटला होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. वर्ष-दोन वर्षं अडकून पडलेल्या मुक्या चित्रपटाला नंतर कोण तिकीट काढणार?

प्रत तशीच पडून राहिली आणि म्हणूनच ती टिकली. त्या काळातली यशस्वी चित्रपटाची प्रत कशी संपायची, ते पाहा. थिएटरमागून थिएटर, तंबूमागून तंबू फिरता फिरता तिची भोकं फाटत, ओरखडे पडत, तुकडे जोडून जोडून ती आखूड होई. शेवटी भंगारात जाऊन फिल्मवरची चांदी काढून घेतली जाई. गोदामात ठेवली तरी धोका टळत नसे. नायट्रेटची फिल्म ओलसर हवेत चिकटते, फुगते आणि अखेर डब्यात तपकिरी भुकटी होऊन बसते. एखादी ठिणगी पडली तर पाण्यानंही विझत नाही. आपल्या बाबूराव पेंटरांचा १९२३ सालचा ‘सिंहगड’ हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून काढलेला. तो तुफान चालला, आणि आज त्याचं नाव घ्यायचं ते पुस्तकांतूनच. तरुण शांतारामबापूंचा शेलारमामा आपल्याला बघायला मिळत नाही, याची चुटपुट मला कायम लागून राहिली आहे.

‘मार्तंड वर्मा’ चाललाच नाही, त्यामुळे झिजलाही नाही. केरळच्या दमट हवेत चाळीस वर्षं तो कमलालय बुक डेपोच्या ताब्यात पडून होता. १९७४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं तो मिळवून पुण्याला आणला. संग्रहालयाची धुरा वाहणारे पी. के. नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे, आणि जन्मसालही १९३३, या मूकपटाचंच. फाळक्यांचे चित्रपट वाचवणारा हा माणूस कुठल्या तरी डब्याची बातमी कानावर आली की गाडी पकडून निघायचा. आयुष्यभर त्यांनी तेच केलं आणि २०१६ मध्ये पुण्यातच देह ठेवला.

हा मूकपट साधारण दोन तासांचा आहे. त्यातल्या पाट्या इंग्रजी आणि मल्याळम अशा दोन्ही भाषांत आहेत. अभिनय त्या काळच्या रीतीप्रमाणे ढोबळ, हातवारे मोठे. पण त्यात एक तुकडा असा आहे की तिथे नाटक थांबतं आणि खरं त्रावणकोर समोर येतं. पद्मनाभस्वामींच्या आराट्टूच्या मिरवणुकीचं ते चित्रण आहे. आराट्टू म्हणजे देवाला स्नानासाठी शंखुमुखमच्या समुद्रावर नेण्याचा सोहळा, आणि देवाबरोबर राजानं हाती तलवार घेऊन पायी चालायचं ही प्रथा. १९३३ साली गादीवर होते श्रीचित्तिरा तिरुनाल, वय विशीच्या आसपास. मार्तंड वर्मानं राज्य देवाला वाहिलं, त्याला तेव्हा १८३ वर्षं झाली होती.