‘बर्नआउट’ यादीत आहे, पण आजार म्हणून नाही

मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हापासून आपल्याकडे कामाचा जाच वेळेतच मोजला जातो. १९४८ च्या कारखाने कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. कामामुळे जडणाऱ्या आजारांची यादीही त्याच कायद्याला जोडलेली होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस (धुळीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार), गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा असे २९ आजार त्यात होते. मनाचा एकही नव्हता; कामाच्या ताणानं माणूस पार थकून जातो तो ‘बर्नआउट’ही नाही. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेतही आकडा २९ च राहिला.

आजाराचा कामाशी संबंध कसा धरायचा, हे कोडं जपाननं वेगळ्या रीतीनं सोडवलं. २००१ पासून तिथे महिन्यात १०० तास, किंवा २ ते ६ महिने सरासरी ८० तास जादा काम झालेलं असेल, तर पक्षाघात किंवा हृदयविकाराचा कामाशी घट्ट संबंध धरला जातो आणि भरपाईचा मार्ग खुला होतो.

खरा गुंता ‘बर्नआउट’ या शब्दाचा. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मानसशास्त्रज्ञानं मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांची दशा सांगताना तो वापरला. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची सविस्तर व्याख्या आली आणि ‘बर्नआउट आता आजार’ अशा बातम्या झळकल्या. लगेच संघटनेचा खुलासा झाला: हा आजार नव्हे, कामाशी निगडित अवस्था आहे. माझ्या मते हा खुलासा फार महागात पडला. व्याख्येनुसार कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणाचं व्यवस्थापन नीट न झाल्यानं ही अवस्था येते. पण ते करायचं कुणी, कर्मचाऱ्यानं की मालकानं, यावर व्याख्या गप्प आहे. शिवाय ती आयुष्याच्या इतर क्षेत्रांना लावायची नाही. मग बँकेत नोकरी करून घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करणाऱ्या बाईची दमणूक कुठे तोडायची? रजेसाठी डॉक्टरांना अखेर ‘नैराश्य’ किंवा ‘चिंता विकार’ लिहावं लागतं. कागदावर रोग त्या माणसाचा होतो, नोकरी त्यातून गळून पडते.

शरीराचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. २०२१ च्या जागतिक अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी पक्षाघात आणि हृदयविकाराचे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू जोडले गेले.

तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रात कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकानं-कार्यालयांतली ९ वरून १० वर नेण्याचा निर्णय झाला. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील असं सांगितलं गेलं. कारखान्यांतल्या जादा कामाची तिमाही मर्यादा मात्र ११५ तासांवरून १४४ वर न्यायचं ठरलं.