संतांच्या पेटीवरची रोमन निळाई

जुन्या गोव्यात, बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव ज्या चांदीच्या पेटीत ठेवलंय, ती सतराव्या शतकात गोव्याच्याच सोनारांनी घडवली. संतांचं हाड, दात, वस्त्राचा तुकडा असे अवशेष मौल्यवान पेटीत जपायचे, ही चाल मात्र युरोपात त्याआधी कित्येक शतकं रुळलेली होती. बाराव्या शतकात अशा पेट्यांचं एक मोठं केंद्र होतं फ्रान्समधलं लिमोज.

२९ डिसेंबर ११७० ला इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्येच आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा खून झाला. मारेकरी होते राजा दुसऱ्या हेन्रीचे सरदार. ११७३ मध्ये बेकेट यांना संतपद मिळालं आणि त्यांच्या अवशेषांसाठी ठिकठिकाणाहून पेट्यांची मागणी सुरू झाली. त्यांतल्या पन्नासेक आजही शिल्लक आहेत. लिमोजचा मुलूख तेव्हा याच हेन्रीच्या ताब्यात होता. म्हणजे राजाची बदनामी त्याच्याच प्रजेतले कारागीर मीनाकाम करून विकत होते!

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली बेकेट-पेटी साधारण ३० सेंटीमीटर उंच, घराच्या आकाराची, वर उतरतं छप्पर. आतला सांगाडा लाकडी, त्यावर तांब्याचे पत्रे. समोरच्या बाजूला खुनाचा प्रसंग, छपरावर दफनविधी. माणसं सोनेरी आणि त्यांच्या मागे गडद निळी पार्श्वभूमी. लांबून वाटतं, सोन्यात नीलमणी जडवलेत. प्रत्यक्षात आहे तांबं, काच आणि सोन्याचा पातळ मुलामा.

जाड पत्र्यात छिन्नीने खळगे कोरायचे, आकृत्यांची जागा तशीच ठेवायची. खळग्यांत रंगीत काचेची ओली पूड भरून, वाळवून पत्रा भट्टीत घालायचा. सुमारे ८०० अंश सेल्सियसला पूड वितळते, पण वितळताना आकसते. म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. मग घासून सपाट करायचं. मुलामा सगळ्यात शेवटी, कारण आधी दिला तर भट्टीच्या त्या उष्णतेत सोनं तांब्यात मुरून जाईल. सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखा गोळा करायचा, तो उघड्या तांब्यावर माखायचा आणि पत्रा तापवायचा. पारा ३५७ अंशांना उकळतो. तो उडून जातो आणि सोनं तांब्याला धरून राहतं. एवढ्या उष्णतेने मीन्याला, म्हणजे खळग्यांत वितळून बसलेल्या काचेला, काही होत नाही.

उडालेला पारा जातो तो कारागिराच्या छातीत. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या भिक्षूने धातुकाम, काचकाम आणि रंगकामावर ग्रंथ लिहिलाय. त्यात तो बजावतो, की हे काम उपाशीपोटी करू नका, पाऱ्याची वाफ बाधते. बाधलीच तर त्याचा उतारा म्हणजे कचोरा, मिरी, लसूण आणि वाइन. त्यातली मिरी आपल्या मलबारातून गेलेली. पाऱ्यापुढे या मसाल्यांचा काही उपयोग होत नाही, पण धोका त्यांना ठाऊक होता हे नक्की.

याच थिओफिलसचं आणखी एक वाक्य अभ्यासकांच्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होतं. तो सांगतो, की मूर्तिपूजकांच्या जुन्या इमारतींमध्ये मोझेकचे रंगीत काचेचे चौकोनी तुकडे मिळतात आणि सोन्या-चांदी-तांब्यावरचा मीना त्यांपासून करतात. रोमन काळ संपून तोवर सातेकशे वर्षं झाली होती. एवढा जुना माल खरंच वापरात होता, की भिक्षूने ऐकीव गोष्ट टिपली?

उत्तर काचेतच होतं. रोमन काच करताना इजिप्तच्या खाऱ्या तळ्यांतला नेट्रॉन नावाचा सोडा घालत, त्यामुळे तिच्यात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम अगदी थोडं. मध्ययुगात आल्प्सच्या उत्तरेला काच करत ती लाकडाच्या राखेपासून; तिच्यात पोटॅशियम भरमसाट. शिवाय काच अपारदर्शक करायला रोमन कारागीर अँटिमनी वापरत, पुढच्यांनी कथिल वापरलं. मीन्याचे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कण तपासल्यावर, बाराव्या शतकातल्या लिमोजच्या कामात नेट्रॉनची, अँटिमनीची काच निघाली. भिक्षू खरं बोलत होता. काचेला निळा रंग देणारं कोबाल्टसुद्धा रोमन काचेबरोबरच आलेलं. संताच्या अस्थी ज्या निळ्या रंगाने मढवल्या, तो आधी एखाद्या रोमन भिंतीवर असणार, आणि मला ही सगळी कहाणी त्यातल्या सोन्यापेक्षा मोलाची वाटते.

१२०० च्या आगेमागे हे चित्र पालटतं. अँटिमनीच्या जागी कथिल दिसू लागतं, सोड्याचा स्रोतही बदलतो. त्यामुळे मीन्याचं रसायन पेटीचं वय ठरवायला कामी येतं, आणि लबाडी पकडायलाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात मध्ययुगीन वस्तू जमवण्याचं वेड वाढलं, तशा हुबेहूब नकलाही बाजारात आल्या. त्यांतल्या काहींचं कोरीवकाम इतकं सफाईदार आहे, की नुसत्या नजरेवर विसंबणारा जाणकारही फसावा. पण क्रोमियम हे मूलद्रव्य सापडलंच मुळी १७९७ मध्ये. बाराव्या शतकातली म्हणून दाखवलेल्या पेटीचा हिरवा रंग क्रोमियमचा निघाला, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही.