गोष्टीच्या कार्डावर रागाचं नाव का नसतं?

पालकांसाठी माहितीपत्रक
गोष्टीतून रागसंगीत, वयोगट 5 ते 9, धरमपेठ, नागपूर

नवी तुकडी सुरू झाली की दुसऱ्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला. मूल घरी गोष्टीचं कार्ड उघडतं. त्यावर चित्र असतं, गोष्ट असते, खाली स्वरांची एक ओळ असते, पण रागाचं नाव कुठेच नसतं. छापायचं राहिलं असं समजून काही पालक ते पेनने लिहून देतात. ते राहिलेलं नाही, आम्ही मुद्दाम गाळलं आहे. घरी ते लिहू नका आणि मुलाला विचारूही नका. प्रवेश घेताना आमची अट ही एवढीच असते आणि सगळ्यात जास्त तीच मोडली जाते, म्हणून हे पत्रक.

नाव आधी कळलं की काय होतं

मुलं हुशार असतात, सोपी खूण लगेच पकडतात. घरी कुणी "आज कोणता राग होता?" विचारलं, मुलाने "भूप" म्हटलं आणि आजी-आजोबांसकट सगळ्यांनी कौतुक केलं, की पुढच्या वेळी तानपुरा छेडल्याबरोबर ते मूल उत्तर शोधायला लागतं. उत्तर शोधायला स्वर ऐकावे लागत नाहीत, गोष्ट पुरते. बैल आला म्हणजे भूप. रात्र झाली म्हणजे मालकंस. ढग दिसले की मल्हार. गायकाने पहिला गंधार (ग) लावायच्या आत हात वर गेलेला असतो.

एकाने नाव ओरडलं की उरलेल्या अकरा जणांचं ऐकणं तिथेच संपतं. कोडं सुटलं, आता कशाला कान द्यायचा? ज्यांना नावं येत नाहीत ती मुलं गप्प बसू लागतात, आणि त्यांच्यात एखाद्याचा कान सगळ्यांत तयार असू शकतो. मग आम्हाला दोन वर्ग बिनगोष्टीचे घ्यावे लागतात. तोच राग फक्त बासरीवर, फक्त सतारीवर ऐकवायचा. नावं पाठ केलेलं मूल इथे हमखास अडतं: "बैल नाही, मग हा भूप कसा?" दहा वर्गांच्या मालिकेतले दोन असे गेले, तर त्याची किंमत सगळी तुकडी मोजते.

नावं आम्हीच सांगतो, मालिकेतल्या आठव्या वर्गात, सगळी एकदम. तोपर्यंत मुलं स्वतःची नावं ठेवतात, "घरी चाललेल्या बैलाचं गाणं" वगैरे. ती खुशाल वापरा.

गोष्ट कशी बांधलेली असते

(पुढे येणारी नावं फक्त तुमच्यापुरती.)

तान्हा पोळ्याचा लाकडी बैल म्हणजे काय, हे नागपूरच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. म्हणून पहिली गोष्ट त्याची. बैलाच्या गळ्यात पाच घुंगरं: सा रे ग प ध. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. संध्याकाळी तो घराकडे निघालाय आणि वाटेत पुन्हा पुन्हा गंधारावर थांबतो. ग, रे, सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. नुसती हाक मारली तर हलत नाही, ही ओळ गायली तरच पुढचं पाऊल टाकतो. तिसऱ्या फेरीला मुलं आपणहून गायला लागतात, कारण बैल घरी पोचवायचा असतो.

दुसऱ्या गोष्टीत बैल तोच आणि घुंगरंही तीच पाच. आता सकाळ आहे, बैल शेताकडे चाललाय आणि थांबतो धैवतावर: ध, प, ग प, ध प, ग रे सा. पहिला भूप, हा देसकार. स्वर एक, चाल वेगळी. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार आणि संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत, देसकारात बरोबर उलट. भूप सप्तकाच्या खालच्या अंगात (पूर्वांगात), मंद्राकडे म्हणजे खालच्या सप्तकाकडे झुकत रमतो. देसकार वरच्या अंगात (उत्तरांगात) राहतो आणि रिषभावर (रे) फारसा रेंगाळत नाही. वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग हे शब्द मुलांच्या वहीत यायला वेळ आहे. पण बैल घरी चाललाय की शेतावर, हे सहा वर्षांचं मूल डोळे मिटून सांगतं. ही ओळख नावाशिवाय होते, आणि नाव मिळालं की ती पुसट होते.

भूप शनिवारी संध्याकाळी आणि देसकार रविवारी सकाळी साडेसातला, या वेळेवरून दर तुकडीत कुरकुर होते. "दोन्ही शनिवारीच उरका" ही विनंती आम्हाला मान्य करता येत नाही. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा, हे एक कारण झालंच. पण खरी अडचण कानाची आहे. दोन्ही लागोपाठ ऐकवले तर मुलाच्या डोक्यात भूपाचा गंधार घट्ट बसलेला असतो आणि देसकारही त्याला भूपच वाटतो. मध्ये एक झोप जावी लागते. मालिकेत अशी सकाळ एकदाच येते.

बारा मिनिटांच्या गोष्टीत बोलणं साधारण पाच मिनिटं आणि गाणं सात. आलाप चालू असताना गोष्ट सांगणारा एक शब्दही बोलत नाही. हा नियम कडक आहे, कारण शब्द आणि स्वर एकदम आले की मूल दर वेळी शब्दांकडे वळतं. त्याच कारणाने गोष्ट सांगणारा एक आणि गाणारा दुसरा असतो. एकच माणूस दोन्ही करायला लागला की मुलं त्याच्या तोंडाकडे बघत पुढच्या वाक्याची वाट पाहतात आणि गाणं म्हणजे मधली जाहिरात होऊन जाते. आमचं शुल्क एका शिक्षकाच्या वर्गापेक्षा जास्त दिसतं ते या दोन माणसांमुळे.

आणखी एक. रागाला "दुःखी" किंवा "आनंदी" अशी चिठ्ठी चिकटवू नका. तसं सांगितलं की मूल भाव शोधत बसतं आणि भैरव रागातल्या कोमल रिषभाचं आंदोलन (संथ झुलणं), म्हणजे ऐकण्यासारखी मुख्य गोष्ट, निसटते.

तानसेनाची गोष्ट का सांगत नाही?

सांगतो, पण शेवटच्या वर्गात आणि दंतकथा म्हणून. दीपक गाऊन दिवे लागले, मल्हार गाऊन पाऊस पडला, ही गोष्ट रंगतदार आहे यात शंका नाही. पहिल्याच दिवशी ती सांगितली की मुलं दिवा लागायची वाट बघतात, तो लागत नाही, आणि बिचारा राग नापास होतो. आमच्या गोष्टींमध्ये स्वरांनी जे घडायला हवं, ते मुलांनी गायल्यावर गोष्टीतच घडतं. खोलीत काही पेटावं लागत नाही.

तानपुरा आधीच लावून का ठेवत नाही?

कारण तो लावताना पाहणं हाच वर्गाचा पहिला भाग आहे. एरवी पहिली तार पंचमात (प), मधल्या दोन जोडाच्या षड्जात (सा) आणि शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या षड्जात असते. मालकंसाच्या गोष्टीला पंचम चालत नाही, तो त्या रागात वर्ज्य आहे, म्हणून पहिली तार मुलांसमोर पंचमावरून मध्यमावर उतरवतो. खुंटी, मग मणी, मग घोडीवरचा तारेखालचा दोरा. हा दोरा केसभर सरकवायचं काम मुलांना देतो. मुकी तार एका जागी येऊन एकदम झणकारते, ती जवारी, आणि ती सापडली की पाच मिनिटं कुणी जागचं हलत नाही. दाराशी उभ्या पालकांना तयारी झालेली नाही असं वाटतं. वर्ग केव्हाच सुरू झालेला असतो, म्हणून वेळेवर या. दहा मिनिटं उशिरा आलेल्या मुलाला गोष्ट कळते, पण षड्ज कानात बसलेला नसतो आणि मग ते वर्गभर बेसूर गातं.

उन्हाळ्यात ही पहिली दहा मिनिटं कूलर बंद असतो. नवतपा (मे अखेरचे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस) चालू असताना हे जुलमाचं वाटेल, कबूल. पण कूलरची घरघर नेमकी तानपुऱ्याच्या खालच्या तारांवर बसते आणि खर्ज ऐकूच येत नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचा वर्ग सातला सुरू करतो तो यासाठीच. खोली आधी अर्धा तास गार करून ठेवलेली असते. मुलाला पाण्याची बाटली द्या.

मग घरी काय विचारायचं?

काहीच विचारू नका, एक खेळ खेळा. एक दिवसाआड, झोपायच्या आधी तीन मिनिटं पुरतात.

फोनवर तानपुऱ्याचं कुठलंही अ‍ॅप लावा, पट्टी काळी पाच (अ‍ॅपमध्ये A#), पहिली तार पंचम. बाबांच्या सोयीची पट्टी लावू नका. त्यात मूल एक तर खाली पुटपुटतं, नाही तर वरच्या सप्तकात ओरडतं. फोनच्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येत नाही, घरात छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो जोडा. पहिलं एक मिनिट कुणीच गायचं नाही.

मग कार्डावरची ओळ तुम्ही गुणगुणा, आकारात म्हणजे नुसत्या "आ"मध्ये, स्वरांची नावं न घेता. शेवटच्या षड्जाच्या आधी थांबा: ध प ग, रे... आणि गप्प राहा. दहा सेकंदं गप्प राहायचं आहे. बहुतेक पालकांना दोन सेकंदांच्या वर राहवत नाही आणि "म्हण ना" बाहेर पडतं. मुलाने सा लावला तर टाळ्या वाजवू नका, ओळ पुन्हा सुरू करा. भलताच स्वर लावला तर "चुकलं" म्हणू नका, पूर्ण ओळ एकदा गाऊन दाखवा. काहीच लावलं नाही तर त्या दिवशीचा खेळ तिथे थांबवा. पाच-सहा दिवसांत बहुतेक मुलं आपणहून सा वर येऊन थांबतात. रागाची पहिली ओळख इतकीच असते, आणि त्यासाठी नावाची गरज पडत नाही.

तुम्हाला सुरात येत नसेल तर संकोच नको. प्रत्येक ओळ चाळीस सेकंदांची, तशीच अर्धवट सोडलेली, तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवतो, ती लावा. घरच्या की-बोर्डवर वाजवून दाखवू नका. त्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) येत नाही, आंदोलनही येत नाही, आणि मूल तुटक स्वर शिकून येतं.

पाहुण्यांसमोर गायला लावणं पूर्णपणे टाळा. पाहुणे नावच विचारतात.

रेकॉर्ड ऐकवायची असेल तर तासाभराच्या ख्यालाने सुरुवात करू नका. बासरी, सतार किंवा सरोद निवडा, म्हणजे शब्द आडवे येत नाहीत, आणि आठ-दहा मिनिटांवर थांबवा. मूल "अजून" म्हणालं तरीही थांबवा. प्रत्यक्ष मैफलीला नेणार असाल तर नागपुरात सोय चांगली आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे कार्यक्रम असतात, सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहातही मैफली होतात. रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या, एक राग ऐका आणि मूल कंटाळायच्या आत उठा. मात्र विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू असताना मधूनच उठू नका, बंदिश संपू द्या.

परीक्षेला बसवता का?

नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची तयारी करून घेणारे चांगले शिक्षक शहरात बरेच आहेत आणि आम्ही त्यांच्याशी स्पर्धा करत नाही. आमच्याकडून गेलेल्या मुलाला तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर देता येतात, टाळी 1, 5 आणि 13 ला, खाली 9 ला. बैलाच्या पावलांमुळे सम (तालाची पहिली मात्रा) त्याच्या अंगात बसलेली असते. पुढच्या शिक्षकाचं काम तेवढं हलकं होतं.

एका तुकडीत बारा मुलं घेतो, तेराव्याला पुढच्या तुकडीत जागा मिळते. भावंडांना वेगवेगळ्या तुकडीत ठेवतो, नाही तर थोरलं धाकट्याच्या वतीने उत्तरं देतं. ठरवण्याआधी एक वर्ग विनाशुल्क बसून पाहता येतो, त्यासाठी आधी सांगून या. तुम्ही मागच्या सतरंजीवर बसायचं, फोन बंद ठेवायचा आणि मुलाने वळून पाहिलं तरी खुणा करायच्या नाहीत. चित्रीकरण करू देत नाही, कारण कॅमेरा दिसला की मुलं त्याच्यासाठी गातात. प्रवेश घेतल्यावर दहा कार्डांचं पाकीट मिळतं. त्यातलं पुढच्या वर्गाचं कार्ड आधी उघडू नका.